वजन उतरवा, पण सावकाश

फॅटी लिव्हर निघालं की पहिला सल्ला मिळतो वजन कमी करण्याचा. तो योग्यच आहे. पण किती वेगाने कमी करायचं, हे फारसं कोणी सांगत नाही. मला ते पित्ताशयाच्या ऑपरेशनच्या आदल्या दिवशी कळलं.

वार्षिक तपासणीत माझ्या सोनोग्राफीवर ‘ग्रेड 1 फॅटी लिव्हर’ असा शेरा होता. पित्ताशय तेव्हा स्वच्छ होतं. भिशीतल्या मैत्रिणीकडून एक आहाराचा तक्ता मिळाला. दुपारी काकडी-टोमॅटो, रात्री पातळ सूप, तेल-तुपाला पूर्ण बंदी. वजन भराभर उतरलं, ब्लाउज सैल झाले, यकृताच्या तपासणीतलं एसजीपीटीही खाली आलं. नातेवाईक कौतुक करत होते. मग एका लग्नाच्या जेवणानंतर रात्री बरगडीखाली उजवीकडे कळ उठली आणि पाठीतून खांद्यापर्यंत गेली. ओवा, सोडा, अॅसिडिटीची गोळी, कशानेच उतार पडेना. नव्या सोनोग्राफीत पित्ताशय खड्यांनी भरलेलं दिसलं.

सर्जननी दोन्ही रिपोर्ट शेजारी ठेवले आणि विचारलं, “ताई, मधल्या काळात वजन झपाट्याने उतरवलंत का?” मग त्यांनी कारण सांगितलं. चरबी वेगाने वितळते तेव्हा यकृत पित्तरसात जास्त कोलेस्टेरॉल सोडतं. जेवणात स्निग्ध पदार्थच नसले, तर पित्ताशय नीट आकुंचन पावत नाही. रस साचतो, घट्ट होतो आणि त्यात खडे धरतात.

म्हणून आठवड्याला अर्धा ते एक किलो, एवढाच वेग ठेवा. दीड किलोच्या पुढे गेलात की खड्यांचा धोका वाढतो. 80 किलोच्या माणसाने चार किलो कमी केले तरी यकृतातली चरबी उतरू लागते. सूज आणि व्रण कमी व्हायला सात-आठ किलो लागू शकतात. त्यासाठी वर्ष लागलं तरी चालेल. भाजी-भाकरीवरचं चमचाभर तेल बंद करू नका. साखर, बेकरीचे पदार्थ, गोड पेयं आणि दारू बंद करा.

सोनोग्राफीतला ‘ग्रेड’ चरबी किती ते सांगतो. यकृत किती कडक झालंय ते त्यातून कळत नाही. एसजीपीटी नॉर्मल असूनही आतलं नुकसान चालू असू शकतं. वय, एसजीओटी, एसजीपीटी आणि प्लेटलेट यांवरून कडकपणाचा अंदाज देणारा फिब-4 नावाचा आकडा काढता येतो. तो डॉक्टरांकडून काढून घ्या. 1.3 च्या आत असेल तर सहसा काळजी नसते. वर असेल तर कडकपणा मोजणाऱ्या फायब्रोस्कॅनबद्दल विचारा. साखर, कोलेस्टेरॉल आणि कंबरेचा घेर यांची नोंदही या रिपोर्टांच्याच फाइलमध्ये ठेवा.

खडे दिसले म्हणून लगेच ऑपरेशन लागतंच असं नाही. त्रास न देणाऱ्या खड्यांवर बहुतेक वेळा नुसतं लक्ष ठेवतात. एकदा कळ येऊन गेली, की ती पुन्हा येण्याची शक्यता मोठी असते आणि दुर्बिणीतून पित्ताशय काढणं हा खात्रीचा उपाय ठरतो. ऑलिव्ह तेल आणि लिंबाचा रस पिऊन ‘खडे पाडण्याचा’ उपाय मलाही अनेकांनी सुचवला. त्यानंतर शौचातून पडतात त्या हिरवट गोळ्या पोटात तयार झालेल्या साबणासारख्या गुठळ्या असतात. खडे जागेवरच राहतात.

पोटदुखीबरोबर थंडी वाजून ताप आला, डोळे पिवळे झाले, लघवी गडद आणि शौच पांढुरकं झालं, किंवा कळ पाच-सहा तासांत थांबली नाही, तर सकाळची वाट पाहू नका. खडा नळीत अडकला असेल, स्वादुपिंडाला सूज आली असेल, तर तासातासाला फरक पडतो.

माझं पित्ताशय गेलं. फॅटी लिव्हर मात्र आहे. टाके काढल्यावर चालणं पुन्हा सुरू केलं, आणि आता महिन्याला दोन किलोपेक्षा जास्त उतरलं तर मी जेवण वाढवते.