वारा, ऊन आणि कायदा

पश्चिम रेल्वेच्या बोईसर स्थानकापासून पश्चिमेस काही मैलांवर अरबी समुद्र आहे. त्या किनाऱ्यावर पालघर तालुक्यातील दांडी हे मच्छीमारांचे गाव वसले आहे. दांडी म्हटले की १९३० सालचा मिठाचा सत्याग्रह आठवतो; पण ती दांडी गुजरातेत नवसारीजवळ आहे. दोन्ही गावे एकाच समुद्राच्या काठची, एवढेच त्यांचे नाते वरवर दिसते. परंतु त्या सत्याग्रहाचे मर्म या दांडीसही लागू पडते. खारे पाणी समुद्राचे आणि ऊन सूर्याचे. दोन्ही कोणास विकत घ्यावी लागत नाहीत. तरी त्यांपासून होणारे मीठ लोकांनी कोणत्या किमतीस खावे, हे परकी सरकारच्या कायद्याने ठरविले होते. निसर्ग हात आखडता घेत नाही. पण त्याचे दान कोणाच्या दारी आणि कोणत्या अटीवर पोचते, हे राज्यकारभारावर अवलंबून असते. मिठाचे जे झाले, तेच शक्तीचे, म्हणजे ऊर्जेचेही होत आले आहे.

या किनाऱ्यावरील जुने जीवन पाहिले तर ते सर्वस्वी वारा, भरती-ओहोटी आणि ऊन यांवर चाले. पहाटे जमिनीवरून समुद्राकडे वाहणाऱ्या मतलई वाऱ्यावर शिडे उभारून होड्या बाहेर पडत आणि दुपारनंतर सुटणाऱ्या खाऱ्या वाऱ्यावर परत येत. बोंबील पकडण्याचे डोल जाळे तर ओढावेही लागत नाही. ते पाण्यात पक्के रोवून प्रवाहाच्या तोंडाशी उघडे ठेवावयाचे. भरती-ओहोटीचे पाणी मासळी आपणच आत लोटते. घरी आणलेले बोंबील बांबूंच्या मांडवावर उन्हात वाळत. आज ज्या साधनांना सरकारी भाषेत ‘अपारंपरिक ऊर्जा’ म्हणतात, ती या लोकांची खरी परंपरा होती! कोळसा आणि तेल हीच येथे मागाहून आलेली पाहुणे मंडळी.

ही पाहुणे मंडळी आपल्या पायांनी आली नाहीत. स्वातंत्र्यानंतर मासळीचे उत्पादन वाढावे म्हणून सरकारने होड्यांना यंत्रे बसविण्यास कर्ज व अर्थसाहाय्य दिले आणि मच्छीमारांच्या सहकारी संस्था हाताशी धरल्या. दांडीच्या दक्षिणेस असलेले सातपाटी हे या कामी अग्रेसर होते. तेथील बांधणीच्या होडीला यांत्रिक नौकांच्या इतिहासात स्वतंत्र स्थान आहे. यंत्रामुळे तांडेल दूरच्या पाण्यात जाऊ लागला आणि वारा पडला म्हणून खोळंबून राहणे संपले. हा लाभ लहान नव्हता. मात्र पूर्वी वाऱ्याचे पैसे द्यावे लागत नव्हते, आता डिझेलचे द्यावे लागतात. तो भार हलका व्हावा म्हणून डिझेलवरील कराचा परतावा मच्छीमारांना देण्याची व्यवस्था शासनाला करावी लागली. परतावा वेळेवर मिळाला नाही तर होडीचे गणित बिघडते. शिडाच्या जागी यंत्र आले, त्याबरोबर समुद्रावरील माणसाचा धागा मुंबईतील कचेरीशी जोडला गेला.

याच किनाऱ्यावर, दांडीच्या उत्तरेस, भारतातील पहिले अणुवीज केंद्र उभे राहिले. १९६३ साली भारत व अमेरिका यांच्यात त्यासाठी करार झाला आणि ऑक्टोबर १९६९ मध्ये तारापूरच्या पहिल्या दोन अणुभट्ट्यांची वीज महाराष्ट्र व गुजरात या राज्यांना मिळू लागली. येथेच केंद्र का, असा प्रश्न पडेल. ही दोन्ही राज्ये विजेची मोठी गिऱ्हाइके होती, कोळशाच्या खाणी दूर होत्या, आणि भट्टी थंड ठेवण्यास लागणारे अपार पाणी समुद्रात होते. अणुशक्ती ही वाऱ्या-उन्हाप्रमाणे अक्षय नव्हे, कारण युरेनियम खाणीतून काढावे लागते. तथापि कोळशाप्रमाणे ती धूर ओकत नाही, म्हणून हवामानाच्या चर्चेत तिचे नाव सूर्य व वारा यांच्या शेजारी घेतले जाते.

तारापूरने देशाला एक धडा लवकर दिला. पहिल्या दोन भट्ट्यांना लागणारे समृद्ध युरेनियम अमेरिकेतून यावयाचे होते. १९७४ साली भारताने पोखरण येथे अणुचाचणी केली, तेव्हा त्या पुरवठ्यात विघ्ने आली आणि पुढे फ्रान्स, चीन, रशिया अशा देशांची दारे ठोठवावी लागली. सूर्याच्या बाबतीत ही अडचण नाही, असे कोणी म्हणेल. ऊन कोणी अडवू शकत नाही हे खरे. पण ते टिपणाऱ्या तबकड्यांचे घटक आजही बहुतांशी परदेशातून, विशेषतः चीनमधून येतात. ते देशात तयार व्हावेत म्हणून सरकार आयातीवर कर बसविते आणि कारखान्यांना उत्तेजन देते. परावलंबन इंधनाचे असो वा यंत्राचे, त्याचा विचार करणे धोरणकर्त्यांना चुकत नाही.

तारापूरची तिसरी व चौथी भट्टी स्वदेशी बनावटीची, प्रत्येकी ५४० मेगावॉट क्षमतेची. चौथी २००५ साली आणि तिसरी २००६ साली राष्ट्राच्या सेवेत रुजू झाली. त्यांच्यासाठी पोफरण व अक्करपट्टी या गावांना आपली जागा सोडावी लागली. त्यांच्या पुनर्वसनाचा वाद मुंबईच्या उच्च न्यायालयापर्यंत गेला. केंद्राच्या आसपासच्या पाण्यात सुरक्षिततेसाठी मासेमारीस मनाई असते. ज्याचे शेत बुडते त्याला मोबदला देण्याची रीत पूर्वापार आहे, पण ज्याचे शेत समुद्रातच आहे त्याचा सातबारा कोठून आणावयाचा? विजेचा दिवा शंभर मैलांवर लागतो आणि त्याची किंमत मोजणारे दिव्याखालीच राहतात. हे कटू आहे, पण पाठ्यपुस्तकातून ते वगळणे योग्य होणार नाही.

धोरण लोकांच्या बाजूनेही उभे राहू शकते, याचे उदाहरण शेजारच्या डहाणूत सापडते. चिकूच्या वाड्यांसाठी प्रसिद्ध असलेला हा तालुका केंद्र सरकारने जून १९९१ मध्ये पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून घोषित केला. तेथे कोळशावर चालणारे ५०० मेगावॉटचे वीज केंद्रही उभारण्यात आले. तेव्हा सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानुसार १९९६ साली एक प्राधिकरण नेमण्यात आले. न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी त्याचे अध्यक्ष होते. धुरातील गंधकाचा अंश काढून टाकणारी यंत्रणा बसविण्याचा या प्राधिकरणाने पाठपुरावा केला आणि अनेक वर्षांच्या खटपटीनंतर, २००७ साली, ती कार्यान्वित झाली. बागाईतदारांनी चिकाटी सोडली असती तर कागदावरील अट कागदावरच राहिली असती.

आता पुन्हा वारा आणि ऊन यांची पाळी आली आहे. २००३ च्या वीज कायद्याने प्रत्येक राज्याच्या वीज आयोगावर जबाबदारी टाकली की, वितरकांनी आपल्या खरेदीपैकी ठराविक हिस्सा अक्षय स्रोतांतून घ्यावा असे बंधन घालावे. २०१० मध्ये राष्ट्रीय सौर अभियान सुरू झाले. २०२१ साली ग्लासगो येथील परिषदेत भारताने २०३० पर्यंत खनिज इंधनाविना चालणारी ५०० गिगावॉट क्षमता उभारण्याचा आणि २०७० पर्यंत कर्बवायूचे निव्वळ उत्सर्जन शून्यावर आणण्याचा संकल्प सांगितला. २०२५ च्या मध्यास देशातील विजेच्या एकूण स्थापित क्षमतेचा अर्धा वाटा अशा स्रोतांचा झाला. हा आकडा वाचताना मात्र सावध राहावे. होडीत किती मासळी मावते आणि जाळ्यात किती येते, या दोन गोष्टी भिन्न आहेत. रात्री सौर तबकडी निजते, म्हणून प्रत्यक्ष निर्माण होणाऱ्या विजेत अजूनही कोळशाचाच वाटा सर्वांत मोठा आहे.

ही अडचण मच्छीमारास समजावून सांगण्याची गरज नाही. श्रावणात बोंबील वाळत नाहीत, हे तो पिढ्यान्‌पिढ्या जाणतो. सुदैवाने ज्या पावसाळ्यात ऊन लपते, त्याच दिवसांत सातारा, सांगली, धुळे या भागांतील डोंगरांवरच्या पवनचक्क्या सर्वांत वेगाने फिरतात. रोजच्या रात्रीची सोय मात्र साठवणीनेच होईल. शेजारच्या ठाणे जिल्ह्यात, शहापूर तालुक्याच्या सह्याद्रीत, घाटघरचा २५० मेगावॉटचा प्रकल्प याच तत्त्वावर चालतो: मागणी कमी असताना पायथ्याच्या जलाशयातील पाणी वर चढवावयाचे आणि गरजेच्या वेळी तेच खाली सोडून जनित्रे फिरवावयाची. वीज साठविता येत नाही, पण उंचीवर नेलेले पाणी साठविता येते.

छपरावर सौर तबकड्या बसवून जास्तीची वीज वितरकाच्या तारांत सोडावी आणि तेवढी बिलातून वजा व्हावी, असा नियम महाराष्ट्राच्या वीज आयोगाने २०१५ साली केला. २०२४ मध्ये केंद्राने घरोघरी सौरवीज नेण्याची ‘सूर्यघर’ योजना आरंभिली. तीत दोन किलोवॉटपर्यंत दर किलोवॉटला ३०,००० रुपये आणि तीन किंवा त्याहून अधिक किलोवॉटला एकूण ७८,००० रुपये साहाय्य ठरविण्यात आले. योजना चांगली आहे. पण तिचा लाभ घेण्यास स्वतःचे छप्पर लागते, ते तबकड्यांचा भार सोसणारे असावे लागते, आणि विजेची जोडणी आपल्या नावावर असावी लागते. किनाऱ्यावरील कित्येक कोळीवाड्यांत घराखालची जमीन कुटुंबाच्या नावावर लागलेली नाही. कौलारू छपरावर जड सांगाडा चढविता येत नाही, आणि खारी हवा लोखंडाला लवकर खाते. शिवाय साहाय्य मिळाले तरी उरलेली रक्कम घरातूनच काढावी लागते.

म्हणून मच्छीमार गावांसाठी वेगळा विचार करणे इष्ट ठरेल. एकेकट्या छपरापेक्षा सहकारी संस्थेची गोदामे, मासळी सुकविण्याचे ओटे आणि बर्फाचे कारखाने यांच्यावर आधी सौर यंत्रे चढली, तर घराच्या मालकीचा कागद आड येत नाही आणि लाभ सर्वांच्या वाट्यास येतो. बर्फ ही तर एक प्रकारची साठवणच आहे. दुपारच्या उन्हाची वीज बर्फात बांधून ठेवली, तर ती दुसऱ्या दिवशी पहाटे होड्या समुद्रात जाताना त्यांच्याबरोबर जाऊ शकते. त्यासाठी नवे शोध लागावयाचे राहिलेले नाहीत. कोळीवाड्यांची मोजणी आणि संस्थेच्या नावे द्यावयाचे अर्थसाहाय्य एवढ्याच दोन गोष्टींवर शासनाचा निर्णय व्हावयाचा आहे.