हंगेरीचा संघ आणि विजयाचें अनुमान

विजयाचें अनुमान कशावरून करावें? हंगेरीच्या फुटबॉल-संघाचें उदाहरण घ्या. १९५२ सालीं हेलसिंकी येथें त्यानें ऑलिंपिक सुवर्णपदक मिळविलें. १९५३ सालीं वेंब्ले येथें इंग्लंडला ६-३ असें हरविलें. म्हणून १९५४ सालच्या विश्वचषकापूर्वीं तो अजिंक्यच गणला गेला. प्राथमिक फेरींत त्यानें पश्चिम जर्मनीचा ८-३ असा पराभव केला. परंतु जर्मनीनें त्या दिवशीं आपले कित्येक प्रमुख खेळाडू राखून ठेविले होते, आणि हंगेरीचा कर्णधार पुश्काश याचा घोटा दुखावला होता. गोलसंख्येंत या गोष्टी दिसत नाहींत. बर्न येथील अंतिम सामन्यांत जर्मनी ३-२ असा विजयी झाला. तात्पर्य, मागील यश मोजतांना तें कोणत्या परिस्थितींत मिळालें, हेंही पाहावें.