आईची मजुरी हिशोबात धर

कोल्हापूर

चि. चिऊ,

दादाने, म्हणजे तुझ्या बाबांनी, तुझ्या स्लाइड पाठवल्या, सोबत तू सरावाला बोललीस तो व्हिडिओही. दोन्ही नीट पाहिलं. नववीतल्या तुम्ही तिघी जुन्या फ्लेक्सपासून दप्तराची पावसाळी कव्हरं करता, ती घेऊन शालेय स्टार्टअप स्पर्धेत उतरता आणि अनोळखी परीक्षकांपुढे पाच मिनिटं बोलणार आहात, याचा मला फार अभिमान वाटतो. नुसतं ‘छान झालंय’ म्हणून फोन ठेवणं मला जमेना, म्हणून सविस्तर लिहिते.

तुझ्या सातव्या स्लाइडवर एका कव्हरचा खर्च २२ रुपये आणि विक्रीची किंमत १४९ रुपये लिहिली आहे. इलॅस्टिक आणि दोरा १४ रुपयांचा, धुण्याचा साबण वगैरे ८ रुपये. फ्लेक्स फुकट. म्हणजे कव्हरमागे १२७ रुपये नफा! पण चिऊ, आतापर्यंतची सहा कव्हरं शिवली कुणी? तुझ्या आईने. दिवसभर ऑफिस करून, रात्री स्वयंपाकघर आवरल्यावर वहिनी मशीनवर बसली. तिची मजुरी तुझ्या हिशोबात शून्य आहे.

मी गेली कित्येक वर्षं शाळांचे गणवेश शिवून देते. माझ्याकडे काम करणाऱ्या बायकांना नगावर पैसे मिळतात. फ्लेक्स कापडासारखा सुईखाली सरकत नाही, मशीनच्या पायाला चिकटतो, एकदा चुकीची टीप पडली की भोक कायमचं राहतं आणि तिथूनच पाणी शिरतं. असं कव्हर नगाला ४५ रुपयांच्या खाली कुणी शिवून देणार नाही. फ्लेक्स गोळा करायला टेम्पो-रिक्षा लागेल, ते वाटून नगाला १२ धर. कापताना आणि शिवताना वाया जाणाऱ्या मालाचे ६. सगळे मिळून झाले ८५. आता ते दुकानात ठेवायचं, तर दुकानदार पाव किंमत तरी स्वतःकडे ठेवणार, म्हणजे सदतीस-एक रुपये. उरले २७. त्यात तुम्हा तिघींच्या कष्टाचं काहीच धरलेलं नाही.

२७ ही वाईट संख्या नाही. यापेक्षा कमी मार्जिनवर कितीतरी धंदे पिढ्यान्‌पिढ्या चालले आहेत. पण ती खरी आहे आणि १२७ खोटी आहे. तुला खोटं बोलायचं नव्हतं हे मला ठाऊक आहे. आपल्याकडे घरातल्या बाईचं काम मोजायची पद्धतच नाही, म्हणून तुझ्याही लक्षात आलं नाही. स्लाइडवर नवी ओळ घाल: ‘शिलाई ४५ रुपये’. आणि वहिनीला त्या सहा नगांचे २७० रुपये बक्षिसाची वाट न पाहता आधीच दे. ती नको म्हणेल, तरी दे.

आता तिसरी स्लाइड. देशात सुमारे २५ कोटी शाळकरी मुलं आहेत, त्यांतल्या फक्त एक टक्क्याने कव्हर घेतलं तरी २५ लाख कव्हरं खपतील, असं तू म्हणतेस. ही स्लाइड काढून टाक. एक कुशल बाई दिवसाला आठ कव्हरं शिवेल असं धरलं, तर २५ लाखांसाठी हजाराहून जास्त बायकांना वर्षभर बसावं लागेल. त्यांना आणायचं कुठून, बसवायचं कुठे, आणि एवढा फ्लेक्स कोण देणार? परीक्षकाने यातला एक प्रश्न विचारला की पुढचं सगळं बोलणं डळमळेल. त्याऐवजी तुझ्या शाळेत पायी किंवा सायकलवर येणारी मुलं किती, त्यांतल्या किती जणांच्या दप्तराला कंपनीचंच कव्हर आहे, एवढं मोजून सांग. हल्ली बऱ्याच दप्तरांच्या तळाशी चेनच्या कप्प्यात कव्हर आधीच दिलेलं असतं. तुझा खरा स्पर्धक तो कप्पा आहे, आणि त्याचा तुझ्या बोलण्यात उल्लेखही नाही.

तुझा माल मी पाहिला आहे, दिवाळीत तू दिलेलं कव्हर माझ्याकडेच आहे. ते मी चार घड्या घालून कपाटात ठेवलं होतं. परवा उलगडलं तर घडीच्या रेषेवर पांढरी चीर पडली होती, आणि आतल्या बाजूला कुणाच्या तरी वाढदिवसाच्या शुभेच्छांची अक्षरं अजून वाचता येतात. उन्हात महिनोन्‌महिने टांगलेला फ्लेक्स घडीला टिकत नाही. याला उपाय असेल. कदाचित कव्हर घडी न घालता गुंडाळून ठेवायचं, कदाचित कमी दिवस लागलेलेच बॅनर घ्यायचे. किंवा फ्लेक्स दप्तरासाठी नव्हेच, जिथे घडी पडत नाही अशा कशासाठी तरी वापरायचा. मंडईत भाजीवाल्या मावशींना विचार, स्कूटरवाल्यांना विचार. हे घरी बसून ठरणार नाही.

लक्ष्मणराव किर्लोस्करांबद्दल तू पाचवी-सहावीत एखादा परिच्छेद वाचला असशील. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमधली नोकरी सोडून बेळगावात सायकलचं दुकान, मग कडबा कापायचं यंत्र, मग लोखंडी नांगर. नांगर उत्तम होता, पण लोखंडाने जमिनीत विष उतरेल ही भीती शेतकऱ्यांच्या मनात होती आणि पहिला नांगर खपायला दोन वर्षं लागली. किर्लोस्करवाडी उभी राहिली ती त्यानंतर, १९१० मध्ये, औंधच्या राजांनी जागा दिली तेव्हा. या गोष्टीतून मला लागू वाटतं ते एवढंच: घेणाऱ्याच्या मनात काय आहे हे त्याच्याशी बोलल्याशिवाय कळत नाही. तुझ्या गिऱ्हाइकाच्या मनात काय असेल? वास येतो का, शाईचा रंग पावसात उतरून वह्यांना लागेल का, माझ्या मुलीच्या पाठीवर जाहिरात का मिरवायची? ही भीती त्यांच्याच तोंडून ऐक आणि त्यांच्याच शब्दांत वहीत लिही.

तुझ्या शेवटच्या स्लाइडवर तिलक मेहताचा फोटो आहे. मुंबईच्या या मुलाने २०१८ मध्ये, तेराव्या वर्षी, डबेवाल्यांच्या मदतीने त्याच दिवशी पार्सल पोचवणारी सेवा सुरू केली. फोटो ठेव, पण त्याच्या वयाकडे पाहून भारावण्यापेक्षा त्याने काय केलं ते बघ. पार्सल वाटायला त्याने नवी माणसं आणि नवी यंत्रणा उभी केली नाही. शतकाहून अधिक काळ दारोदार डबे पोचवणारी माणसं शहरात होतीच, त्यांनाच त्याने जोडून घेतलं. शिवाय वडील मालवाहतुकीच्या धंद्यातले होते आणि कारभार अनुभवी मोठ्या माणसांनी सांभाळला. तुमच्या भागात असं आधीपासून काय आहे? बचत गटाच्या शिलाई मशीन असतील, सणानंतर बॅनर उतरवणारी मंडळं असतील. मंडळाच्या अध्यक्षांना भेटून, विचारून, लेखी परवानगीने फ्लेक्स घे. रस्त्यावरून उतरवून आणू नकोस.

कायद्याचं थोडक्यात सांगते. १८७२ च्या करार कायद्यानुसार अठरा वर्षांखालच्या व्यक्तीला करार करता येत नाही, केला तरी तो कायद्याने मुळातच रद्द. कंपनीची संचालकही तुला होता येणार नाही. त्यामुळे मंचावर कुणी ‘आम्ही पैसे लावतो, दहा टक्के भाग द्या’ म्हणालं, तर आभार मान आणि ‘बाबांशी बोलून कळवते’ एवढंच सांग. मान डोलावू नकोस, कशावर सही करू नकोस. आयोजक जो फॉर्म देतील तो दादाला आधी पूर्ण वाचायला लाव. तुमच्या कल्पनेवर, फोटोंवर, व्हिडिओवर हक्क कुणाचा, हे त्यात बारीक अक्षरात असू शकतं. आणि तुझी मैत्रीण जी नवी पट्टी करते आहे, एका हाताने ओढून बसणारी, ती खरोखर कुणी केलेली नसेल तर मंचावर दाखवण्याआधी पेटंटचा तात्पुरता अर्ज करता येतो का ते पाहा. एकदा चारचौघांत उघड केलं की ते नवं आहे हे सिद्ध करणं अवघड जातं. व्यक्तीसाठी ऑनलाइन अर्जाचं सरकारी शुल्क १६०० रुपये आहे आणि पूर्ण अर्ज करायला पुढे बारा महिने मिळतात. पण आधी बाजारात आणि इंटरनेटवर तशी पट्टी शोध. सापडली तर १६०० रुपये वाचले.

बोलण्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही, तू धीट आहेस. फक्त ‘क्रांतिकारी’, ‘युनिक’, ‘गेम चेंजर’ हे शब्द गाळ. ज्या प्रश्नाचं उत्तर येत नाही तिथे ‘हे आम्ही अजून तपासलं नाही’ असं सरळ सांग. चांगला परीक्षक त्याने नाराज होत नाही. आणि पाठ केलेल्या इंग्रजीपेक्षा ज्या भाषेत हिशोब करतेस त्याच भाषेत बोल, नियमांत बसत असेल तर.

दिल्लीच्या सरकारी शाळांमध्ये २०२१ पासून ‘बिझनेस ब्लास्टर्स’ नावाचा उपक्रम राबवला गेला. त्यात अकरावी-बारावीच्या मुलांना प्रत्येकी २००० रुपये बीजभांडवल मिळायचं आणि गट करून खरा धंदा उभा करायचा. मला ती पद्धत फार पटली, कारण पैसे हातात आले की माल घ्यावा लागतो, विकावा लागतो, उधारी वसूल करावी लागते. म्हणून तुम्हा तिघींना माझ्याकडून मिळून २००० रुपये देते आहे. हे बक्षीस नाही आणि भेटही नाही. शिलाईचे पैसे देऊन नवीन वीस कव्हरं कर आणि स्पर्धेआधी वीस अनोळखी घरांत विकून दाखव. नातेवाइकांना आणि बाबांच्या ऑफिसात विकलेली धरायची नाहीत. किती खपली, कुणी का नाकारली, कुणी परत आणून दिली, सगळं तारखेनिशी वहीत लिही. वीसपैकी चारच खपली तरी मंचावर ‘चार’ म्हणूनच सांग, आणि उरलेल्या सोळांनी काय कारणं दिली तेही सांग. स्पर्धेचा निकाल काहीही लागो, ती वही मला वाचायची आहे. पैसे दादाकडे पाठवले आहेत, आजच मागून घे आणि वहीच्या पहिल्या पानावर जमेला लिही.

वहिनीला नमस्कार सांग.

तुझी,
आत्या