दिल्ली पाहायला किती खर्च येतो? सोमवार टाळा, ओळखपत्र विसरू नका

दिल्लीचं रेल्वे आरक्षण करण्याआधी कॅलेंडर काढा आणि तुमच्या मुक्कामात सोमवार कुठे येतो ते बघा. सोमवारी राष्ट्रीय संग्रहालय बंद, प्रधानमंत्री संग्रहालय बंद, लाल किल्ला बंद, राष्ट्रपती भवन बंद, रेल्वे संग्रहालय बंद, गांधी स्मृती बंद. लोटस टेंपल आणि अक्षरधामही बंद. शनिवार-रविवारला जोडून सोमवारची रजा टाकणाऱ्यांचा एक अख्खा दिवस असा वाया जातो. सोमवार टाळता येत नसेल तर तो कुतुबमिनार, हुमायूनची कबर, जंतरमंतर, लोदी गार्डन, इंडिया गेट आणि राष्ट्रीय युद्ध स्मारक यांसाठी राखून ठेवा. ही ठिकाणं सोमवारी उघडी असतात.

वारानंतर तारखा. स्वातंत्र्यदिनाच्या तयारीसाठी लाल किल्ला १५ ऑगस्टच्या आधी काही आठवडे पर्यटकांसाठी बंद असतो. जानेवारीच्या उत्तरार्धात प्रजासत्ताक दिनाच्या तालमींमुळे कर्तव्यपथाच्या आसपासचे रस्ते सकाळी अडवलेले असतात. डिसेंबर-जानेवारीत धुक्याने गाड्या तासन्‌तास उशिरा पोहोचतात, म्हणून पोहोचण्याच्या दिवशी कुठलंही वेळेचं बुकिंग ठेवू नका.

आता तिकिटं. पुरातत्त्व खात्याच्या मोठ्या वास्तूंना, म्हणजे कुतुबमिनार आणि हुमायूनच्या कबरीला, भारतीयांसाठी रोखीने ४० रुपये आणि ऑनलाइन ३५ रुपये. जंतरमंतर आणि सफदरजंगची कबर यांना २५ आणि २०. १५ वर्षांपर्यंतच्या मुलांना काहीच नाही. उंच अंगाच्या मुलाला फाटकावर हमखास अडवतात, म्हणून मुलांचं आधार कार्ड जवळ ठेवा. साध्या फोटोंना शुल्क नाही. व्हिडिओ कॅमेऱ्याला २५ रुपये आहेत आणि तिपाई लावायला वेगळी परवानगी लागते, तेव्हा तिपाई हॉटेलातच ठेवा. लाल किल्ल्याला तिकिटाची खिडकी गाठलीत की आधी सांगा, तिकीट आतल्या संग्रहालयांसह हवंय की त्यांच्याशिवाय. दर वेगळा आहे आणि न सांगता घेतलं की आत गेल्यावर पुन्हा बाहेर येऊन रांग लावावी लागते. संध्याकाळच्या ध्वनी-प्रकाश कार्यक्रमाचंही तिकीट निराळं. हुमायूनच्या कबरीपाशी २०२४ मध्ये उघडलेल्या भूमिगत संग्रहालयाचं तसंच.

ऑनलाइन तिकिटासाठी घरूनच धडपड करायची गरज नाही. खिडकीशेजारी क्यूआर कोडचा फलक असतो, तो स्कॅन करा, नावं भरा, पैसे भरा, आत जा. पाच रुपयांची बचत किरकोळ आहे, पण सुट्टीच्या दिवशी रांग टळते हे महत्त्वाचं. गुगलवर शोधून वर दिसेल त्या पहिल्या संकेतस्थळावर मात्र पैसे भरू नका. तिथे ३५ रुपयांच्या तिकिटावर ‘सेवा शुल्क’ लावणारे दलाल बसलेले असतात. तिकिटाच्या मूळ दराहून एक रुपया जरी जास्त दिसला तरी मागे फिरा.

परदेशातले नातेवाईक सोबत असतील तर हा परिच्छेद दोनदा वाचा. परदेशी नागरिकाला कुतुबमिनारला ऑनलाइन ५५०, रोखीने ६०० रुपये पडतात, हुमायूनच्या कबरीला तेवढेच. राष्ट्रीय संग्रहालयात ६५० रुपये. पण ज्यांच्याकडे ओसीआय (भारताचे परदेशस्थ नागरिक) कार्ड आहे त्यांना राष्ट्रीय स्मारकं आणि संग्रहालयांत भारतीयांचाच दर लागू होतो, मार्च २०२१ च्या केंद्राच्या अधिसूचनेत ते स्पष्ट लिहिलेलं आहे. अट एकच, कार्ड हातात हवं. न्यू जर्सीहून आलेली मावशी ‘पासपोर्ट पुरेल’ म्हणून ओसीआय पुण्यातच ठेवून निघते आणि दोन ठिकाणी मिळून हजारावर रुपये जास्त भरते. खिडकीवरच्या माणसाने परदेशी तिकीट फाडलंच, तर तिथल्या तिथे कार्ड दाखवून बदलून मागा. नेपाळ, बांगलादेश, श्रीलंका अशा सार्क देशांच्या नागरिकांनाही पुरातत्त्व खात्याच्या वास्तूंना भारतीय दरच आहे.

राष्ट्रपती भवनासाठी बुकिंग घरूनच करायला हवं. फक्त अधिकृत सरकारी संकेतस्थळावरून, माणशी ५० रुपये, आठ वर्षांखालची मुलं मोफत. मुख्य इमारत आणि तिथलं संग्रहालय ही दोन वेगळी बुकिंग आहेत. ५० रुपयांत सगळं दिसेल असं समजू नका. मंगळवार ते रविवार वेळेचे ठरावीक गट असतात आणि शनिवार-रविवारचे गट लवकर भरतात. बुकिंग करताना ज्या ओळखपत्राचा क्रमांक दिलात तेच मूळ ओळखपत्र न्या. मोबाइलमधल्या फोटोवर विसंबू नका. मोठी बॅग आणि कॅमेरा नेऊ नका. फेब्रुवारी-मार्चमध्ये जाणार असाल तर अमृत उद्यान बघा. प्रवेश मोफत, बुकिंग ऑनलाइन, आत जाण्याचा रस्ता नॉर्थ अव्हेन्यूजवळच्या ३५ क्रमांकाच्या फाटकातून. तिथे मोबाइल, पाण्याची बाटली आणि बाळाची दुधाची बाटली चालते. मोठी बॅग, छत्री आणि खाण्याचे डबे चालत नाहीत.

संसदेच्या प्रेक्षक सज्जाचा पास विकत मिळत नाही. तो तुमच्या मतदारसंघाच्या खासदारांच्या शिफारशीवर मिळतो आणि त्याला पैसे पडत नाहीत. ‘ओळखीने करून देतो’ म्हणणाऱ्याला एक रुपयाही देऊ नका. अधिवेशनाच्या तारखा बघून खासदारांच्या कार्यालयात आधी अर्ज द्या, सोबतच्या प्रत्येकाच्या ओळखपत्राची प्रत जोडा.

तीन मूर्ती मार्गावरचं प्रधानमंत्री संग्रहालय ऑनलाइन १०० रुपये, खिडकीवर ११०, पाच ते बारा वर्षांच्या मुलांना निम्मे. आत पंतप्रधानांसोबत फोटो, हेलिकॉप्टरची आभासी सफर अशा गोष्टी आहेत, त्यांचे पैसे वेगळे. मुलांना आत शिरण्याआधीच सांगून ठेवा की एकच निवडायची. हातात तीन तास असतील तरच जा, संग्रहालय मोठं आहे. राष्ट्रीय संग्रहालय मात्र कोणीही चुकवू नये. २० रुपयांत मोहेंजोदडोची नर्तिका समोर बघायला मिळते. उंची जेमतेम साडेदहा सेंटीमीटर, डाव्या हातात खांद्यापर्यंत बांगड्या, उजवा हात कमरेवर. ती मूर्ती काचेच्या पेटीत आहे आणि लहान असल्याने गर्दीत नजरेतून सुटते. हडप्पा दालनात शिरलात की आधी तीच कुठे आहे ते विचारा.

काही ठिकाणी एक पैसाही लागत नाही, आणि ती दुय्यम नाहीत. राष्ट्रीय युद्ध स्मारक, राजघाट, गांधी स्मृती, सफदरजंग रोडवरचं इंदिरा गांधी स्मारक आणि २६ अलीपूर रोडवरचं डॉ. आंबेडकर राष्ट्रीय स्मारक. मंत्रिमंडळातून बाहेर पडल्यावर बाबासाहेब याच पत्त्यावर राहिले आणि ६ डिसेंबर १९५६ रोजी इथेच त्यांचं निधन झालं. महाराष्ट्रातून येणाऱ्या किती तरी सहलींच्या यादीत हे ठिकाण नसतं, कारण ते शहराच्या उत्तर टोकाला आहे. मेट्रोने सिव्हिल लाइन्सला उतरा, तिथून जवळ आहे. अर्धा दिवस काढा.

हिशोब करा. दोन मोठी माणसं आणि नऊ व बारा वर्षांची दोन मुलं: कुतुबमिनार ७०, हुमायूनची कबर ७०, प्रधानमंत्री संग्रहालय ३००, राष्ट्रपती भवन २००. चौघांचे मिळून ६४० रुपये. दिल्लीत तिकिटं महाग नाहीत. पैसे जातात ते दोन फाटकांच्या मधल्या रस्त्यावर.

रिक्षापासून सुरुवात करा. दिल्लीच्या रिक्षाचं मीटर पहिल्या दीड किलोमीटरला ३० रुपये आणि पुढे किलोमीटरला ११ रुपये. पाच किलोमीटरला साधारण ७० होतात. रात्री ११ ते पहाटे ५ पर्यंत पंचवीस टक्के जास्त. मीटर टाकायला रिक्षावाले सहसा तयार नसतात, पण आकडा माहीत असला की घासाघीस करता येते. स्टेशनवर उतरलात तर वाहतूक पोलिसांच्या प्रीपेड खिडकीवर जा. पावती मिळेल, ती मुक्कामाच्या दारात उतरल्यावरच चालकाला द्या. आधी दिलीत की तो मधेच कुठेही उतरवू शकतो.

‘आज लाल किल्ला बंद आहे, मी दुसरीकडे नेतो’ किंवा ‘तुमचं हॉटेल बंद झालंय’ हे वाक्य कोणी म्हटलं की खाली उतरा. तो तुम्हाला एम्पोरियममध्ये नेणार आणि तुमच्या खरेदीवर कमिशन घेणार. शंभर रुपयांत दिवसभर फिरवणारा रिक्षावाला मिळाला तर तुमचा दिवस शाल आणि गालिच्यांच्या दुकानांतच जाईल. नवी दिल्ली स्टेशन आणि कॅनॉट प्लेसच्या परिसरात सरकारी वाटावीत अशा पाट्यांची खासगी ‘पर्यटक माहिती केंद्रं’ आहेत. भारत सरकारचं पर्यटन कार्यालय ८८ जनपथ इथे आहे.

इंडिया गेटवर कोणी छातीला कागदी झेंडा टोचायला पुढे आला तर हात आडवा करा. टोचून झाल्यावर पैसे मागतात. कुतुबमिनारला ‘वर चढवून आणतो’ म्हणणारा खोटं बोलतो. १९८१ च्या चेंगराचेंगरीनंतर मिनाराचा जिना सामान्यांना बंदच आहे. गाइड हवा असेल तर गळ्यातलं पर्यटन खात्याचं ओळखपत्र बघा आणि रक्कम ‘सगळ्यांची मिळून’ की ‘माणशी’ हे आधी बोलून घ्या. चांदणी चौकात सायकलरिक्षालाही हाच प्रश्न विचारा. सकाळी ९ ते रात्री ९ तिथल्या मुख्य रस्त्यावर मोटारगाड्यांना बंदी आहे, त्यामुळे चालणं किंवा सायकलरिक्षा हेच पर्याय.

बाकी सगळीकडे मेट्रो. अंतरानुसार ११ ते ६४ रुपये, पाहण्यासारख्या ठिकाणांमधल्या बहुतेक फेऱ्या २१ ते ४३ रुपयांत. रविवारी आणि राष्ट्रीय सुट्टीला भाडं आणखी कमी. स्मार्ट कार्ड घेतलंत तर दर फेरीला दहा टक्के सूट आणि सकाळच्या रांगेतून सुटका. तीन फुटांहून उंच मुलाला पूर्ण भाडं. लाल किल्ला, कुतुबमिनार, सेंट्रल सेक्रेटेरिएट ही स्टेशनांची नावं लक्षात ठेवा, अर्धी दिल्ली त्यातच येते.

अक्षरधामला प्रवेश मोफत, आतल्या प्रदर्शनांना आणि कारंज्याच्या कार्यक्रमाला तिकीट. मोबाइल, पॉवर बँक, बॅग काहीच आत नेता येत नाही. गर्दीच्या दिवशी सामान जमा करायच्या रांगेतच तासभर जातो. मोबाइल हॉटेलवर ठेवून गेलात तर ही रांग टळते. फक्त परतीच्या गाडीचा तपशील आणि हॉटेलचा पत्ता कागदावर लिहून घ्या.

पोळी-भाजी आणि मिसळीची आठवण आली तर कोपर्निकस मार्गावर जुनं आणि कस्तुरबा गांधी मार्गावर नवं महाराष्ट्र सदन आहे. कुठल्याही संग्रहालयाच्या कॅफेपेक्षा तिथल्या उपाहारगृहातलं जेवण स्वस्त पडेल.

शेवटच्या दिवशी हॉटेल सकाळी सोडून गाडी रात्रीची असेल तर सामान स्टेशनच्या क्लोकरूममध्ये ठेवा. त्यासाठी त्या प्रवासाचं तिकीट दाखवावं लागतं आणि प्रत्येक बॅगेला कुलूप लागतं. कुलूप नसलं तर बॅग घेत नाहीत, आणि स्टेशनबाहेर तेच कुलूप दुप्पट भावाने मिळतं. घरूनच घेऊन निघा.