किशोरवयीन मुलांसाठी विनामूल्य साहाय्य आणि वडीलधाऱ्यांची सोबत

मनुष्याच्या आयुष्यात दहा ते एकोणीस या वर्षांचा काळ मोठा विलक्षण असतो. या काळात मूल हे मूल राहिलेले नसते आणि प्रौढही झालेले नसते. लहानपणी गुडघा फुटला तर ते रडत आईकडे धावते. पुढे प्रौढपणी पैसा, ओळख व अनुभव यांच्या बळावर आपली अडचण आपणच निवारते. मधल्या वर्षांत मात्र रडण्याची लाज वाटते आणि अडचण निवारण्याचे साधन हाती नसते. म्हणूनच या वयाची दुःखे बहुधा मुकी असतात. मुलगा सोळा वर्षांचा झाला की त्याच्याशी मित्राप्रमाणे वागावे, असे आपल्या जुन्या सुभाषितकारांनी सांगून ठेवले आहे, त्याचे मर्म हेच असावे. या मुलामुलींसाठी कोणते विनामूल्य साहाय्य आज उपलब्ध आहे, ते त्यांच्यापर्यंत का पोहोचत नाही आणि कुटुंबाने त्यात काय करावे, याचा विचार आम्ही या पाठात करणार आहोत.

१. जुनी परंपरा

विद्यार्थ्याने समाजाचे साहाय्य घेणे ही आपल्याकडे नवी गोष्ट नाही. खेड्यातून शहरात शिकावयास आलेला गरीब मुलगा सात घरी सात वार लावून जेवत असे, अथवा माधुकरी मागून विद्या संपादन करीत असे. त्याला कोणी भिकारी म्हणत नसे. ज्या घरी त्याचा वार असे, त्या घरची माउली त्याला नाव विचारी, अभ्यास विचारी आणि तो दोन दिवस दिसला नाही तर चौकशीही करी. अन्नाबरोबर त्याला माणसे मिळत.

परंतु ही दारे सर्व जातींच्या मुलांना उघडी नव्हती, हेही सत्य विसरून चालणार नाही. ती उणीव भरून काढण्यासाठी मोठ्या मनाच्या पुरुषांना कष्ट घ्यावे लागले. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात निरनिराळ्या समाजांच्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहे उघडण्यास प्रारंभ केला. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ साली साताऱ्यात असे वसतिगृह चालू केले, की जेथे सर्व जातिधर्मांची मुले एकत्र राहत, एकत्र जेवत व श्रम करून शिकत. बडोद्यास श्रीमंत सयाजीराव महाराजांनी १९०६ साली संपूर्ण संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. १९१० साली अमेरिकेतून बोर्डन नावाच्या ग्रंथपालास पाचारण करून विनामूल्य ग्रंथालयांचे जाळे विणले आणि ग्रंथांच्या फिरत्या पेट्या खेडोपाडी धाडल्या. ग्रंथालय उघडून वाचक येण्याची वाट पाहत न बसता पुस्तकच वाचकाच्या दाराशी नेले, हा त्या फिरत्या पेटीचा विशेष होता. तो वाचकांनी ध्यानात ठेवावा. पुढे त्याचा उपयोग होणार आहे.

२. आज काय उपलब्ध आहे

प्रथम शरीराचा विचार करू. १९ वर्षांपर्यंतच्या मुलामुलींसाठी केंद्र शासनाने ७ जानेवारी २०१४ रोजी राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम सुरू केला. त्याखाली सरकारी रुग्णालयांतून किशोरांसाठी स्वतंत्र सल्ला केंद्रे चालतात. त्यांना महाराष्ट्रात ‘मैत्री’, कर्नाटकात ‘स्नेहा’, तर मध्य प्रदेशात ‘उमंग’ अशी नावे आहेत. आहार, मासिक पाळी, वयात येताना होणारे बदल, व्यसन, मनाची अस्वस्थता या सर्व विषयांवर तेथे विनामूल्य सल्ला मिळतो. सरकारी व अनुदानित शाळांतून आठवड्यास एक याप्रमाणे लोहाची निळी गोळी देण्याचीही योजना आहे. तिची गरज किती आहे हे एका आकड्यावरून कळेल. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार १५ ते १९ या वयाच्या मुलींपैकी ५९ टक्क्यांना आणि मुलांपैकी ३१ टक्क्यांना रक्तक्षय आढळला. ज्या मुलीला आपण ‘आळशी’ म्हणून बोल लावतो, तिच्या अंगात कदाचित रक्तच कमी असेल.

आता मनाचा विचार. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ या वयाच्या मुलांपैकी सुमारे ७.३ टक्के मुलांना मानसिक विकार असल्याचे दिसून आले. म्हणजे चौदा मुलांत साधारण एक. चाळीस मुलांच्या वर्गात अशी दोन-तीन मुले बसलेली असतात. त्यांच्यासाठी आणि सर्वांसाठीच ‘टेलिमानस’ ही दूरध्वनी सेवा १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली. तिचा क्रमांक १४४१६. ती अहोरात्र चालते, तिला पैसे पडत नाहीत आणि तेथे मराठीतूनही बोलता येते. परप्रांतात राहणाऱ्या आपल्यासारख्या कुटुंबांना ही शेवटची गोष्ट विशेष मोलाची आहे. कारण मनुष्य व्यवहार कोणत्याही भाषेत करील, परंतु दुःख मातृभाषेतच नीट सांगू शकतो.

तिसरी गोष्ट संरक्षणाची. १०९८ हा क्रमांक अठरा वर्षांखालील कोणत्याही संकटग्रस्त मुलासाठी आहे. दहा, नऊ, आठ असा उतरता क्रम असल्यामुळे तो लहानांच्याही लक्षात राहतो. १९९६ साली टाटा समाजविज्ञान संस्थेचा प्रकल्प म्हणून मुंबईत ही सेवा जन्मास आली. २०२३ पासून ती शासनाच्या बालसंरक्षण यंत्रणेमार्फत चालविली जाते. मारहाण, छळ, बालविवाहाची सक्ती, घर सोडून गेलेले मूल, अशा कोणत्याही प्रसंगी स्वतः मूल किंवा शेजारचा मनुष्यही तेथे कळवू शकतो. न्यायालयाचे काम पडल्यास १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यान्वये स्त्रियांना व मुलांना, त्यांचे उत्पन्न कितीही असो, वकील विनामूल्य मिळतो. त्यासाठी १५१०० हा क्रमांक आहे.

चौथी गोष्ट शिक्षणाची. सरकारी, अनुदानित किंवा स्थानिक संस्थेच्या शाळेत शिकणाऱ्या आणि ज्याच्या आईवडिलांचे वार्षिक उत्पन्न साडेतीन लाख रुपयांहून अधिक नाही अशा विद्यार्थ्यास आठवीत असताना एक परीक्षा देता येते. तीत निवड झाली की नववी ते बारावी दरसाल १२,००० रुपये शिष्यवृत्ती मिळते. मात्र दरवर्षी वेळेवर नूतनीकरण करावे लागते. ज्या घरी वडिलांचे छत्र हरपले आहे, अथवा आई परित्यक्ता आहे, तेथे ‘मिशन वात्सल्य’ या योजनेतून मुलाच्या पालनपोषणासाठी दरमहा ४,००० रुपये मिळू शकतात. त्यासाठी कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ग्रामीण भागात ७२,००० आणि अन्यत्र ९६,००० रुपयांच्या आत असावे लागते. अर्ज जिल्हा बाल संरक्षण कक्षाकडे करावयाचा असतो.

३. मग अडते कोठे?

इतके सर्व असताना मुले साहाय्यावाचून का राहतात? पहिला अडथळा अज्ञानाचा. आठवीतील परीक्षेची वार्ता पालकांस नववीत कळते आणि मग हळहळण्यापलीकडे काही उरत नाही. पती निवर्तलेली एखादी भगिनी मुलाला दहावीनंतर दुकानात बसविते. योजना त्याच जिल्ह्याच्या ठिकाणी असते, पण तिला ती सांगणारा कोणी नसतो.

दुसरा अडथळा लज्जेचा. ‘आपल्या घरातल्या मुलाला मनाचा वैद्य कशाला हवा? लोक काय म्हणतील?’ हा प्रश्न सुशिक्षित घरांतूनही ऐकू येतो. ताप अंगात चढला तर आपण शेजाऱ्यालाही सांगतो. ताप मनात चढला तर मुलालाही तो बोलू देत नाही. येथे आम्हांस इतकेच विचारावेसे वाटते, की वार लावून जेवणाऱ्या विद्यार्थ्याची ज्या समाजाला लाज वाटली नाही, त्याने दूरध्वनीवर सल्ला मागणाऱ्या मुलीची लाज का धरावी?

तिसरा अडथळा एकटेपणाचा आहे, आणि आमच्या मते तोच सर्वांत मोठा. चौदा वर्षांच्या मुलाने एकट्याने सरकारी रुग्णालयात जावे, खिडकीशी उभे राहून चिठ्ठी काढावी आणि अनोळखी माणसास आपली व्यथा सांगावी, ही अपेक्षाच अवघड आहे. उत्पन्नाचा दाखला, रहिवासाचा दाखला, बँकेचे खाते यांच्या फेऱ्यांत मोठी माणसेही थकतात. जुन्या काळी साहाय्यासोबत माउली होती. आता साहाय्य पूर्वीहून कितीतरी मोठे झाले आहे, पण ती सोबत मात्र मध्येच सुटली आहे. फिरत्या ग्रंथपेटीचे स्मरण आम्ही करून दिले ते याचसाठी.

४. सोबत कशी करावी?

सोबत करणारा विद्वान असावा लागत नाही. गोव्यात १९९६ साली स्थापन झालेल्या ‘संगाथ’ या संस्थेने डॉक्टर नसलेल्या सामान्य माणसांना शिकवून त्यांच्याकरवी मनःस्वास्थ्याचे साहाय्य देण्याचे मोठे काम केले आहे. दिल्लीच्या सरकारी शाळांतही तिने असेच समुपदेशक नेमून, चित्रकथांच्या पुस्तिकांच्या आधारे, किशोरांना आपली अडचण ओळखण्यास, तीवर पर्याय शोधण्यास आणि त्यांतील एक करून पाहण्यास शिकविले. ही तीन पावले कोणत्याही आजोबांना, मावशीला किंवा मोठ्या भावाला समजण्यासारखी आहेत. परंतु दुखणे गंभीर दिसले, मूल जगण्याविषयीच निराश बोलू लागले, तर मात्र घरगुती उपदेशात वेळ न दवडता त्याच दिवशी जाणकारांकडे जावे आणि मुलास एकटे सोडू नये.

सोबत करतानाही एक मर्यादा पाळावी. दारापर्यंत आपण जावे. आत मुलाला एकट्याने बोलू द्यावे. बाहेर आल्यावर ‘काय काय सांगितलेस?’ अशी झडती घेऊ नये. तो स्वतः होऊन सांगेल तेवढे ऐकावे. विश्वास हा उलटतपासणीने कधीच वाढत नाही.

आणखी एक सावधगिरी. शिष्यवृत्ती मिळवून देतो म्हणून कोणी दूरध्वनीवरून पैसे किंवा बँकेचा गुप्त क्रमांक मागू लागला, तर तो लबाड समजावा. सरकारी शिष्यवृत्तीसाठी अशी मागणी होत नसते. शंका आल्यास शाळेच्या मुख्याध्यापकांस भेटावे.

५. मंदिराच्या सभामंडपात

मंदिर हे आपल्या कुटुंबांचे एकत्र येण्याचे ठिकाण आहे. तेथे वरील क्रमांकांचा एक फलक सहज लागू शकतो. उत्सव नसतील त्या दिवशी सायंकाळी सभामंडपाचा एक कोपरा, दिवा व चटई एवढे अभ्यासासाठी मिळाले, तरी एका खोलीत राहणाऱ्या मुलांची मोठी सोय होईल. वरच्या वर्गात गेलेल्यांची पुस्तके खालच्या वर्गातील मुलांस देता येतील. कचेरीतून निवृत्त झालेल्या सभासदांनी महिन्यातील एक रविवार अर्ज भरून देण्यासाठी राखून ठेवला, तर त्यांच्या आयुष्यभराच्या अनुभवाचे सार्थक होईल. यांपैकी कशासही मोठा निधी लागत नाही.

मननार्थ

१. आपल्या घरातील किंवा शेजारील आठवीतल्या कोणत्या मुलास शिष्यवृत्तीच्या परीक्षेची माहिती नाही?
२. आपल्या मुलीला वारंवार थकवा येतो काय? तिच्या रक्ताची तपासणी शेवटची कधी झाली?
३. मुलास बोलावेसे वाटले, तर आईवडिलांखेरीज तो कोणाशी बोलू शकेल? त्या व्यक्तीला हे आपण सांगितले आहे काय?
४. १०९८ आणि १४४१६ हे दोन क्रमांक घरातील प्रत्येकास पाठ आहेत काय?

या चार प्रश्नांची उत्तरे प्रत्येक कुटुंबाने येत्या आठवड्यात रात्रीच्या जेवणास एकत्र बसून द्यावीत. मुलांनाही त्या बोलण्यात घ्यावे. किंबहुना प्रथम त्यांचेच ऐकावे, एवढीच आमची विनंती आहे.