आठवरून सातवर: नव्या लॅपटॉपवर जुनं विंडोज टाकताना

१. आधी कारण तपासा. ऑक्टोबर २०१२मध्ये विंडोज ८ आलं तेव्हा त्यातलं स्टार्ट बटण गायब होतं आणि लोकांचा सगळा राग त्यावरच निघत होता. एवढ्यासाठी कोरा लॅपटॉप पुसू नये. वर्षभरात ८.१ फुकट मिळालं आणि बटणही परत आलं. माझं कारण पोटापाण्याचं होतं. डीटीपीच्या जुन्या फायली युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये. तो फॉन्ट नसेल तर मराठी मजकुराच्या जागी रोमन अक्षरांचं कडबोळं दिसतं. फॉन्टचं सॉफ्टवेअर डोंगल लावल्याशिवाय उघडत नाही आणि डोंगलचा ड्रायव्हर विंडोज ७पर्यंतचा, तोही ३२ बिटचा. ६४ बिटचं विंडोज असा ड्रायव्हर घेतच नाही. म्हणजे नुसतं जुनं विंडोज पुरणार नव्हतं, ते ३२ बिटचं हवं होतं. पुढच्या निम्म्या कटकटी या एका अटीतून आल्या.

२. लायसन्स कुठलं आहे ते बघा. विंडोज ८ प्रो असेल तर ७ प्रोफेशनलवर उतरायची परवानगी त्यातच असते. आपल्याकडच्या स्वस्त लॅपटॉपवर मात्र बहुतेकदा ‘सिंगल लँग्वेज’ असे, त्यात ती सोय नाही. मग ७चं लायसन्स वेगळं विकत घ्यायचं. ‘क्रॅक मारून देतो, टेन्शन घेऊ नका’ म्हणणारा दुकानदार प्रत्येक गल्लीत असतो. ज्या मशीनवर गिऱ्हाइकाचं काम ठेवायचं, त्यावर मी असला प्रयोग होऊ देत नाही.

३. पुसण्याआधी रिकव्हरीचा पेन ड्राइव्ह करून घ्या. विंडोज ७च्या काळी लॅपटॉपच्या पोटाला कीचा स्टिकर असायचा. ८पासून की मदरबोर्डवरच्या चिपमध्ये गेली. त्यामुळे परत ८ टाकलं तर ते स्वतःची की स्वतः शोधतं. पण टाकायला ८ हाताशी तर हवं. डिस्कवरचं रिकव्हरी पार्टिशन पुढच्या पायरीत उडणार आहे.

४. खरी लढाई विंडोजशी नसते, बायोसशी असते. विंडोज ८च्या लॅपटॉपमध्ये यूईएफआय आणि सिक्युअर बूट चालू येतं. विंडोज ७ला सिक्युअर बूट कळत नाही, ते बंद करावंच लागतं. ६४ बिटचं ७ यूईएफआयवर निदान उठतं तरी. ३२ बिटचं उठत नाही, म्हणून लेगसी मोड लावायचा. मग इन्स्टॉलर पार्टिशनच्या पानापर्यंत येतो आणि म्हणतो, या डिस्कवर विंडोज टाकता येणार नाही, ती जीपीटी आहे. लेगसीला एमबीआर डिस्क लागते. तिथेच शिफ्ट आणि एफ१० दाबलं की काळी खिडकी उघडते. त्यात डिस्कपार्ट, लिस्ट डिस्क, सिलेक्ट डिस्क, क्लीन, कन्व्हर्ट एमबीआर. ‘क्लीन’ काहीही विचारत नाही, ‘नक्की का?’ एवढंसुद्धा नाही. म्हणून त्याआधी डिस्कचा आकार वाचून खात्री करायची, कारण यादीत पेन ड्राइव्हही असतो आणि बॅकअपची डिस्क लावलेली असेल तर तीही.

५. इन्स्टॉलरच्या तक्रारीवर शब्दशः विश्वास ठेवू नका. पेन ड्राइव्हवरून सुरू झालेला सेटअप मध्येच ‘सीडी-डीव्हीडीचा ड्रायव्हर सापडत नाही’ म्हणून अडतो. डीव्हीडीचा इथे काही संबंध नसतो. विंडोज ७च्या सेटअपमध्ये यूएसबी ३चा ड्रायव्हरच नाही. निळ्या पोर्टमधला पेन ड्राइव्ह बायोसला दिसतो, पण सेटअपने ताबा घेतला की दिसेनासा होतो. तो काढून काळ्या पोर्टमध्ये लावला की गाडी पुढे सरकते. २०१५नंतरच्या इंटेल मशीनवर ही पळवाटही गेली, तिथे ड्रायव्हर आधीच सेटअपमध्ये घुसवावा लागतो.

६. ड्रायव्हर आधी गोळा करा, त्यातही लॅन आणि वायफायचे सगळ्यात आधी. नेट नसेल तर बाकीचे आणणार कुठून? कंपनीच्या साइटवर त्या मॉडेलसाठी फक्त ८चे ड्रायव्हर असतील, तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळ्या खुणेवर जाऊन हार्डवेअर आयडी वाचायचा. त्यात ‘वेन’च्या पुढे ८०८६ दिसलं की वस्तू इंटेलची. त्यांनी आपल्या जुन्या गाजलेल्या प्रोसेसरचाच आकडा तिथे लावला आहे, मला ते फार आवडतं. मग लॅपटॉपवाल्याला सोडून थेट चिपवाल्याकडे जायचं.

७. ३२ बिटच्या विंडोजला ४ जीबीच्या पुढची रॅम वापरता येत नाही, आणि त्या चारातलीही पूर्ण हाती लागत नाही. वाढीव रॅमवर पैसे घालू नका.

८. जुन्या सिस्टिमला एक्सपायरी असते. विंडोज ७चे अपडेट १४ जानेवारी २०२०ला थांबले, तेव्हा अशा मशीनला नेट लावू नये. विंडोज ११ तर ३२ बिटमध्ये येतच नाही. त्यामुळे आज हेच काम कुणी आणलं तर मी नवा लॅपटॉप पुसणार नाही. वर त्याचं मूळ विंडोज राहू द्यायचं, आत व्हर्च्युअल मशीनमध्ये लायसन्सचं ३२ बिट ७ टाकायचं. यूएसबी डोंगल आतल्या मशीनला जोडून देता येतं. ते सगळीच डोंगलं मुकाट्याने ऐकतात असं नाही, म्हणून तेवढं पहिल्यांदा करून बघायचं. जुनी फाइल तिथे उघडायची आणि मजकूर युनिकोडमध्ये काढून घ्यायचा. कन्व्हर्टरने काढलेल्या मजकुरात रफार आणि पहिली वेलांटी मात्र ओळीगणिक डोळ्यांनी तपासायची.