संगणकातील चोरदरवाजा : ओळख आणि उच्चाटन

माहिती तंत्रज्ञान उद्योगाचे देशातील अग्रगण्य केंद्र असलेल्या बेंगळुरू शहरात २००१ साली सायबर गुन्ह्यांसाठीचे भारतातील पहिले पोलीस ठाणे सुरू झाले. माहिती तंत्रज्ञान कायदा १७ ऑक्टोबर २००० रोजी अमलात येऊन तेव्हा जेमतेम वर्ष लोटले होते. त्या काळी महत्त्वाची माहिती प्रामुख्याने कार्यालयातील संगणकांवर असे. मार्च २०२० मधील टाळेबंदीने हे चित्र पालटले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये दूरसंचार विभागाने घरून काम करण्यावरील निर्बंध शिथिल केले आणि या शहरातील असंख्य घरे कार्यालयाचा भाग बनली. ज्या संगणकावर दिवसा परदेशी ग्राहकाचे काम चालते, त्याच संगणकावर संध्याकाळी मुले खेळ उतरवून घेतात आणि घरातील वडीलधारी मंडळी बँकेचे व्यवहार करतात. म्हणूनच घरगुती संगणकातील 'बॅकडोअर' हा आता केवळ त्या कुटुंबापुरता प्रश्न राहिलेला नाही.

बॅकडोअर म्हणजे मालकाच्या नकळत संगणकात शिरून बाहेरच्या व्यक्तीला दुरून ताबा देणारी आज्ञावली. १९९८ मधील 'बॅक ओरिफिस'मुळे हा प्रकार सर्वतोमुखी झाला. गडकिल्ल्यांना चोरदरवाजा असे, पण तो किल्लेदाराच्या सोयीसाठी. येथे तो शत्रूने बांधलेला असतो, एवढाच फरक. जुन्या विषाणूंचा उपद्रव चटकन दिसून येत असे. बॅकडोअरचे यश मात्र लपून राहण्यातच असते. 'संगणक व्यवस्थित चालतो, म्हणजे तो निरोगी आहे' हा समज त्यामुळेच धोक्याचा ठरतो.

अर्थशास्त्रात ज्याला बाह्य परिणाम म्हणतात, त्याचे हे ठळक उदाहरण होय. बाधित संगणकाचा उपयोग इतरांवर हल्ले करण्यासाठी व अनाहूत ई-पत्रे धाडण्यासाठी होतो. मालकाला झळ क्वचितच पोहोचते, म्हणून स्वच्छतेवर खर्च करण्याची त्याला निकड वाटत नाही. अशा ठिकाणी बाजारव्यवस्था पुरी पडत नाही. या जाणिवेतून २१ फेब्रुवारी २०१७ रोजी केंद्र सरकारने 'सायबर स्वच्छता केंद्र' सुरू केले. 'सर्ट-इन'मार्फत चालणारे हे केंद्र बाधित संगणकांची माहिती इंटरनेट सेवा पुरवठादारांना कळविते, तर पुरवठादार ती ग्राहकापर्यंत पोहोचवितात. सफाईची साधनेही तेथे विनामूल्य मिळतात.

चोरदरवाजा बहुधा चोरट्या मालातून येतो. बिझनेस सॉफ्टवेअर अलायन्स या संघटनेच्या पाहणीनुसार २०१७ मध्ये भारतातील ५६ टक्के सॉफ्टवेअर विनापरवाना होते. परवान्याचे कुलूप तोडणाऱ्या 'क्रॅक' फाइली चालविण्यासाठी वापरकर्ता स्वतःच विषाणूरोधक यंत्रणा बंद करतो. याहून सुलभ प्रवेश चोराला कोणता हवा?

निदानासाठी विंडोज प्रणालीतील साधने पुष्कळ उपयोगी पडतात. सर्व कार्यक्रम बंद केल्यानंतरही कोणती आज्ञावली बाहेरच्या पत्त्याशी बोलत आहे, हे 'रिसोर्स मॉनिटर'च्या नेटवर्क विभागात दिसते. 'टास्क मॅनेजर'च्या स्टार्टअप यादीत संगणकाबरोबर आपोआप सुरू होणाऱ्या आज्ञावली आढळतात. नावापेक्षा फाइलचे ठिकाण महत्त्वाचे. प्रणालीच्या फाइलचे नाव धारण केलेली आज्ञावली तात्पुरत्या फाइलींच्या फोल्डरमधून चालत असेल, तर संशयास जागा आहे. विषाणूरोधक यंत्रणा आपोआप बंद पडणे हेही गंभीर लक्षण मानावे.

निर्मूलनात क्रमाला फार महत्त्व आहे. प्रथम इंटरनेट तोडावे. परवलीचे शब्द बदलायचे ते दुसऱ्या, निर्दोष यंत्रावरून. बाधित यंत्रावर बदलल्यास नवा शब्दही चोराच्याच हाती पडतो. नंतर 'मायक्रोसॉफ्ट डिफेंडर'ची ऑफलाइन तपासणी करावी. ती विंडोज सुरू होण्यापूर्वी चालत असल्याने दडून बसलेल्या आज्ञावलीला पळवाट उरत नाही. तरीही शंका राहिल्यास कागदपत्रे व छायाचित्रे यांचीच प्रत काढून संपूर्ण प्रणाली नव्याने बसवावी. जुन्या आज्ञावली परत आणू नयेत. एकदा परक्याच्या ताब्यात गेलेल्या यंत्रावर त्याने आणखी काय दडविले असेल, याची खात्री तपासणीतून मिळतेच असे नाही. नव्याने प्रणाली बसविणे वेळखाऊ खरे, पण खात्रीचे.

मात्र खात्यातून पैसे गेले असतील, तर ही घाई अंगलट येऊ शकते. डिस्क पुसली की पुरावाही पुसला जातो. अशा वेळी यंत्र इंटरनेटपासून तोडून तसेच ठेवावे, बँकेला कळवावे आणि १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर तक्रार नोंदवावी. येथे तासांचाही हिशेब असतो, कारण पुढच्या खात्यात पोहोचलेली रक्कम काढून घेतली जाण्यापूर्वीच गोठविता येते. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने ग्राहकाचे दायित्व तक्रारीच्या वेळेशी जोडले. बँक वा ग्राहक यांपैकी कोणाचाही दोष नसताना झालेला व्यवहार ग्राहकाने तीन कामकाजाच्या दिवसांत कळविल्यास त्याच्यावर भार पडू नये, अशी तरतूद त्यात होती. स्वतः निष्काळजीपणा केलेल्या ग्राहकाला मात्र कळविण्याच्या क्षणापर्यंतची हानी सोसावी लागे.

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० ची नियमित सुरक्षा अद्यतने थांबली. नवी आवृत्ती न पेलणारे संगणक अनेक घरांत मुलांच्या अभ्यासासाठी दिले जातात. त्यांवर लिनक्सवर आधारित मुक्त प्रणाली बसविता येते. सी-डॅकने विकसित केलेली 'बॉस' ही त्यांपैकीच एक असून ती मराठीतही वापरता येते.